पाळणाघरातील मुलांचा दिवस : सांभाळणाऱ्या ताईंसाठी काही उपक्रम

पाळणाघर म्हणजे मूल निजवण्याची जागा, अशी आपल्याकडे समजूत आहे. आई धुण्याभांड्याला, झाडूखात्यात, कारखान्यात किंवा कचेरीत जाते आणि मूल शेजारच्या मावशींकडे अथवा विहाराच्या सभागृहात चालणाऱ्या पाळणाघरात राहते. संध्याकाळपर्यंत मूल पडले नाही, उपाशी राहिले नाही, फार रडले नाही, एवढे कळले की सर्वांचे समाधान होते. परंतु सकाळी आठ ते संध्याकाळी सहा हा मुलाच्या जागेपणाचा बहुतेक सारा काळ होय. या वेळात त्याच्याशी कोण बोलले, त्याच्या हातात काय आले, त्याने काय विचारले आणि त्याला काय उत्तर मिळाले, यावर त्याची भाषा व त्याचा धीटपणा घडत असतो. पुढे पहिलीच्या वर्गात जे मूल गप्प बसते, त्याच्या गप्प बसण्याचे कारण पुष्कळदा येथे सापडते. म्हणून पाळणाघरातील ताई ही त्या मुलाची पहिली शिक्षिका आहे, असे आम्ही मानतो.

आई व मूल यांचा प्रश्न हा केवळ घरचा प्रश्न नाही, हा विचार आपल्या चळवळीला नवा नाही. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची तरतूद आली. तथापि घरोघर धुणीभांडी करणाऱ्या भगिनींना कारखान्याचे पाळणाघर कोठून मिळणार? त्यांची मुले वस्तीतच राहणार, आणि त्यांच्यासाठी जे काही करायचे ते वस्तीतच करावे लागणार.

तसे ते होऊ शकते, हे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी दाखवून दिले. १९४५ साली बोर्डी येथे त्यांचे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. दलित व आदिवासी वस्तीतली मुले बालवाडीकडे येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. तीच अंगणवाडी. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. बिया, काड्या, पाने, माती हे तेथील शिक्षणाचे साहित्य. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाल्यावर अंगणवाडी हे नाव देशभर गेले. पण ते मुळात कोणाच्या अंगणासाठी निघाले, हे आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असावे.

आता उपक्रमांकडे वळू. एक वर्षाच्या आतील बाळासाठी निराळा उपक्रम शोधू नये. त्याला भरवणे, अंग पुसणे, लंगोट बदलणे हाच उपक्रम. हे करताना ताईंनी बोलत राहावे : "आता हात पुसू या, हा एक हात, आता दुसरा कुठाय?" असे विचारून क्षणभर थांबावे. बाळ हुंकार देते, पाय झाडते. ते त्याचे उत्तर होय. आपल्या आज्या हेच करीत, त्याला कोणी शास्त्र म्हणत नसे. बाळ बसू लागले की एका टोपलीत घरातल्याच वस्तू ठेवाव्यात : लाकडी पळी, स्टीलची वाटी, घासून गुळगुळीत केलेली मोठी करवंटी, लोकरीचा गुंडा, सुती फडके. बाळ प्रत्येक वस्तू तोंडात घालणारच, म्हणून त्या रोज धुवाव्यात. बाजारातल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यात एकच रंग व एकच स्पर्श असतो. या टोपलीत थंड, उबदार, खरखरीत, जड, हलके असे सारे काही असते.

एक ते तीन वर्षांच्या मुलांना भरणे आणि ओतणे यांचे वेड असते. ताईंना वाटते की मूल पसारा करते आहे. वस्तुतः ते काम करीत असते. एका पसरट घमेल्यात चार बोटे पाणी, दोन प्लॅस्टिकचे मग, एक चाळणी आणि स्पंजचा तुकडा द्यावा. चाळणीत पाणी का राहत नाही, हा प्रश्न दोन वर्षांच्या मुलाला तासभर पुरतो. जुना रंगाचा ब्रश व पाणी दिले तर मुले फरशीवर, भिंतीवर पाण्याने रंगकाम करतात. ऊन लागले की चित्र नाहीसे होते आणि पुन्हा सुरुवात करता येते. खर्च काही नाही, पुसायचेही काही नाही. कणकेच्या गोळ्यात थोडी हळद घालून दिली की मळणे, थापणे, वळणे चालते. रद्दीचे कागद टराटरा फाडू द्यावेत, बोळे करून टोपलीत टाकू द्यावेत. पुढे पेन्सिल धरायची ती याच बोटांनी.

एक सावधानता येथेच सांगितली पाहिजे. चिंचोके, बटणे, मणी, शेंगदाणे, हरभरे या वस्तू तीन वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नयेत. त्या घशात किंवा नाकात अडकतात. पाण्याचा खेळ चालू असताना ताईंनी जागेवरून उठू नये आणि खेळ संपताच घमेले व बादली पालथी करावी. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना खोटे काम नको असते, खरे हवे असते. मटार सोलणे, मेथी निवडणे, वाट्या मांडणे ही कामे त्यांना द्यावीत. मुलींना भाजी आणि मुलांना चेंडू असा भेद मात्र पाळणाघरात शिरू देऊ नये. विहाराच्या दाराशी चपलांचा ढीग पडतो. त्यांच्या जोड्या लावणे, लहान-मोठ्या क्रमाने ठेवणे, हा गणिताचा उत्तम पाठ आहे. पिंपळाची पाने गोळा करून लहानापासून मोठ्यापर्यंत मांडावीत. दोन-चार पाने पाण्यात भिजत घालावीत आणि पाणी बदलत राहावे. काही आठवड्यांनी वरचा पापुद्रा कुजून जाळीचे पान उरते. मुले रोज येऊन डोकावतात. वाट पाहणे शिकवण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस ठाऊक नाही. जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू चित्रांसाठी, दुकान-दुकान खेळायला कागदाच्या नोटा. (बँकेत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना त्या नोटा मोजताना मुलांचा गंभीर चेहरा पाहणे फार मौजेचे वाटते.)

गोष्टींसाठी आपल्याजवळ जातककथांचा खजिना आहे. पारध्याच्या जाळ्यात सापडलेले लावे पक्षी एकाच वेळी जाळ्यासकट उडून जातात, ही कथा घ्यावी. जुनी सुती साडी जमिनीवर अंथरावी, मुलांनी तिच्या कडा धरून भोवती बसावे आणि ताईंनी 'उडा' म्हणताच सर्वांनी एकदम उचलावी. एकाने आधी ओढली तर जाळे तिरके होते, सर्वांनी मिळून उचलली तर वारा भरून ती फुगते. एकी म्हणजे काय, हे मग सांगत बसावे लागत नाही. तीच गोष्ट आठवडाभर सांगावी. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही; चौथ्या दिवशी ती स्वतःच सांगू लागतात, आणि तेच आपल्याला हवे असते. काठी तोंडात धरून उडणाऱ्या बडबड्या कासवाची गोष्टही मुलांना आवडते, पण ते पडून फुटते हा शेवट अगदी लहानांना सांगू नये, असे आमचे मत आहे.

मूल ज्या बोलीत गोष्ट सांगेल ती बोली ताईंनी प्रेमाने ऐकावी. ते "व्हय" म्हणाले, "न्हाई" म्हणाले म्हणून हसू नये, मध्येच तोडून दुरुस्त करू नये. आपल्या बोलीला हसणारी शाळा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. निदान विहारातल्या पाळणाघरात तरी मुलाला तसा अनुभव येता कामा नये. ताईंनी आपल्या बोलण्यात पुस्तकी शब्दही वापरावा. मूल दोन्ही उचलते.

पालकांची तक्रार ठरलेली असते : "नुसतं खेळवता, एबीसीडी कधी शिकवणार?" ही तक्रार समजण्यासारखी आहे. शिक्षणावाचून आपली काय स्थिती झाली हे ज्यांनी सोसले, त्यांना घाई असणारच. परंतु तीन वर्षांच्या मुलाचे मनगट लिहिण्यास तयार नसते. त्याला पाटीशी जखडले तर अक्षराची भीती तेवढी बसते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. ताईंनी पालकांना वाद न घालता एक दिवस तासभर येऊन बसण्यास सांगावे.

वंदनेविषयीही थोडे. त्रिशरण-पंचशील मुलांच्या कानावर रोज पडावे, त्यांनी हात जोडून दोन मिनिटे बसावे, इतके पुरे. घंटीचा एक टोल द्यावा आणि नाद पूर्ण विरेपर्यंत ऐकण्यास सांगावे. सर्वांत दांडगे मूलही यात शांत होते. मात्र १४ एप्रिलच्या व्यासपीठावर उभे करण्यासाठी चार वर्षांच्या मुलाकडून महिनाभर घोकून घेण्याची प्रथा आम्हांस पसंत नाही.

रडणाऱ्या मुलाच्या हाती मोबाईल देण्याची सवयही आता पाळणाघरांत शिरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसातून एक तासाहून अधिक नको. पण ताईंना दोष देण्याआधी मंडळाने आपल्याकडे पाहावे. एका ताईच्या गळ्यात वीस मुले घातली तर ती बोलणार कोणाशी? दहा मुलांमागे एक ताई व एक मदतनीस असावी, दोघींना महिन्याच्या महिन्याला ठरलेले मानधन मिळावे. जयंतीच्या मंडप-रोषणाईची वर्गणी गोळा करताना या खर्चाचीही पावती फाडता येईल.

संध्याकाळी मूल आईच्या हाती देताना "जेवला, झोपला" एवढेच न सांगता ताईंनी त्या दिवसाची एक गोष्ट सांगावी : आज त्याने चपलांच्या सहा जोड्या लावल्या, आज ती मुंगीमागे भिंतीपर्यंत गेली. घरी जाताना वाटेत आई त्याला त्याबद्दल विचारते, आणि मूल सांगू लागते.