बाल्टोची जनुके

मुलांनो, १९२५ साली अलास्कातील नोम गावी घटसर्पाची साथ आली. गाव बर्फाने वेढलेले. औषध न्यावे कसे? तेव्हा कुत्र्यांच्या गाड्यांनी ते टप्प्याटप्प्याने पोहोचविले. गावात शिरलेल्या गाडीच्या अग्रभागी बाल्टो नावाचा कुत्रा होता. त्याचे जतन केलेले शरीर अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या संग्रहालयात आहे.

संशोधकांनी त्याच्या कातड्याच्या लहानशा तुकड्यातील जनुके वाचली. परंतु नुसते वाचून काय उपयोग? ताडून पाहावयास दुसरे काही हवेच. ते त्यांना ‘झूनोमिया’ या भांडारात लाभले. तेथे २४० सस्तन प्राण्यांची जनुके, जणू एकाच ग्रंथाच्या २४० पोथ्या, ओळीला ओळ लावून मांडली आहेत. वटवाघूळ, देवमासा आणि मनुष्यही त्यांत आलाच! जे अक्षर कोट्यवधी वर्षे बहुतेक पोथ्यांत तसेच टिकले, ते सहसा जीवनास आवश्यक असते; तेथील बदल घातक ठरू शकतो.

असे घातक बदल आजच्या जातिवंत कुत्र्यांपेक्षा बाल्टोत कमी आढळले, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या जनुकांत वैविध्यही अधिक होते. ज्या वन्य प्राण्यांत हे वैविध्य आटते, त्यांना नामशेष होण्याचे भय अधिक असते. असे प्राणी वेळीच ओळखावयास हे भांडार उपयोगी पडते, आणि ते कोणाही अभ्यासकास विनामूल्य खुले आहे.