जुन्या घराचा माळा राहता करायचाय? आधी टेकू, मग करवत



आसगाव, पवनी, लाखांदूर या पट्ट्यात मातीच्या भिंतींची, कवेलूची जुनी घरं अजून आहेत. धान ठेवायच्या माळ्यावर आता मुलाला अभ्यासाची खोली हवी असते. सुतारकाम येत असेल तर हा चांगला व्यवसाय आहे. पण यात डोक्यावरचं वजन उतरवून पुन्हा चढवायचं असतं. एक चूक झाली तर माणूस जातो आणि धंदाही जातो.

वजन किती, ते आधी बघा

कवेलूचा एक थर चौरस मीटरला साधारण 60 ते 70 किलो भरतो. 12 बाय 15 फुटांच्या खोलीवर म्हणजे एक टनापेक्षा जास्त. शिवाय राहत्या खोलीची जमीन चौरस मीटरला 200 किलो भार धरून बांधायची असते. माळ्याच्या जुन्या तुळया तेवढ्या दमदार आहेत का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या. त्याची फी कोटेशनमध्ये धरा.

पाहणी

लाकूड बहुतेक वेळा भिंतीत गेलेल्या टोकाला कुजतं, कारण गळतीचं पाणी तिथेच मुरतं. टोकाला स्क्रूड्रायव्हर टोचा, हातोडीने ठोका. पोकळ आवाज आला किंवा भुसा पडला तर तो वासा बदलायचा. प्रत्येक वाशाला खडूने नंबर द्या, फोटो काढा.

कामाचा क्रम

1. वीज बंद. खालची खोली रिकामी. काम चालू असताना खाली कोणी थांबायचं नाही.
2. भिंतींना ओळंबा लावून ठेवा. भिंत बाहेर सरकली तर लगेच कळतं.
3. कवेलू दोन्ही उतारांवरून सारखे उतरवा. एकच बाजू रिकामी केली तर आढ्यावर एकतर्फी ओढ येते.
4. सेंट्रिंगचे जॅक लावा. मातीच्या जमिनीवर जॅकखाली जाड फळी हवीच, नाहीतर तो रुततो. माळ्यावरचा जॅक खालच्या जॅकच्या अगदी डोक्यावर यायला हवा. जॅक घट्ट बसेपर्यंतच फिरवा, छप्पर उचलायचं नाही.
5. एका वेळी एकच वासा काढा. नवा पक्का झाला की पुढचा. शेजारचे दोन एकदम कधीच नाही.

सगळ्यात महागडी चूक

ग्राहक म्हणतो, "भाऊ, ही आडवी तुळई डोक्याला लागते, कापून टाका." थांबा! वासे भिंतींना सतत बाहेर ढकलत असतात. दोन्ही बाजूंना धरून ठेवणारी ती तुळईच असते. ती कापली तर मातीची भिंत फाकते, कधी पहिल्याच पावसात. पर्याय इंजिनिअरनेच द्यायचा. ग्राहक ऐकत नसेल तर काम सोडा.

लाकूड आणि वेळ

ओलं लाकूड स्वस्त मिळतं, पण वाळताना पिळतं आणि जोड उघडे पडतात. वाळलेलंच घ्या. सागवानाचं बिल आणि वन विभागाचा वाहतूक परवाना मागून घ्या. भिंतीत जाणाऱ्या टोकांना वाळवीचं औषध लावा. धान कापणी आटोपल्यावर, डिसेंबर ते मार्च, मजूर मिळतात आणि पावसाची भीती कमी असते. तरी ताडपत्री जवळ असू द्या.

कोटेशन कसं द्यायचं

जॅकचं भाडं, ताडपत्री, हेल्मेट, सेफ्टी बेल्ट, कवेलूची फूटतूट हे सगळं वेगळं लिहा. छप्पर उघडल्यावर आणखी कुजलेलं निघतंच, त्यासाठी 10 ते 15 टक्के आधीच ठरवा. दुसरा कोणी जॅक न लावता स्वस्तात करतो म्हणाला, तर त्याच्याशी भावात स्पर्धा करू नका. ग्राहकाला जॅकची ओळ दाखवा आणि ती कशासाठी आहे ते समजावून सांगा. वर्षात 90 दिवस बांधकाम केलेल्या, 18 ते 60 वयाच्या मजुरांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून घ्या.

आजचा गृहपाठ: गावातल्या एका जुन्या घराची परवानगी घेऊन पाहणी करा, वाशांना नंबर द्या आणि कोटेशन लिहून बघा. काही अडलं तर व्हिडिओखाली विचारा. भेटू पुढच्या भागात!