फाइलवर न लिहिलेलं

१. आमच्या शिनोली गावात पीसीओएसला (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोमला) सगळ्या पीसीओडीच म्हणतात. मंचरहून सोनोग्राफी करून आलेली बाई घरात सांगते, ‘गाठी निघाल्या’. गाठी नसतात त्या. अंडाशयातले बीजकोष वाढायला लागतात आणि अर्ध्यावर अडून बसतात, एवढंच. २००३च्या रॉटरडॅम निकषांप्रमाणे अनियमित पाळी, पुरुषी हार्मोनचं जास्त प्रमाण आणि सोनोग्राफीतलं हे चित्र, यांपैकी कुठल्याही दोन गोष्टी असल्या आणि दुसरा आजार नसला, की निदान होतं. म्हणजे सोनोग्राफी स्वच्छ असूनही हा त्रास असू शकतो.

२. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वाढतं, मग संबंधांची इच्छाही वाढायला हवी, असा हिशेब बऱ्याच जणी मांडतात. शरीर तो पाळत नाही. इन्सुलिन जास्त झालं की अंडाशयं पुरुषी हार्मोन जास्त बनवतात हे खरं. पण त्याच हार्मोनने हनुवटीवर राठ केस येतात, डोक्यावरचे विरळ होतात, मुरमं जाता जात नाहीत. घोडेगावच्या बाजारात ओढणीने हनुवटी झाकून भाजी घेणारी बाई रात्री नवऱ्याने गालावरून हात फिरवला की मान वळवते. नवरा नकोसा झालाय असं नाही. त्याच्या बोटांना खुंट लागतील याची तिला लाज वाटते.

३. इच्छा सगळ्यात जास्त मारतं ते कॅलेंडर. मूल हवं म्हणून लेट्रोझोलच्या गोळ्या सुरू झाल्या की दिवसाआड फॉलिक्युलर सोनोग्राफी. बीजकोष किती मिलिमीटर झाला ते मोजायचं, पुरेसा वाढला की डॉक्टर कागदावर तारखा लिहून देणार. नेमकी त्या दिवशी भीमाशंकर रस्त्यावरची एसटी उशिरा येते, घरी पोचावं तर स्वयंपाक वाट बघत असतो, आणि यांना रात्री मोटर चालू करायला जायचं असतं, कारण शेताला थ्री फेज वीज त्या आठवड्यात रात्रीची. परत येतात तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, मी अर्धवट झोपेत, भिंतीपलीकडे सासूबाईंचा खोकला. मग दोघंही कर्तव्य उरकतो. ‘अहो, मला आता तारखा नकोत,’ असं मी एकदा म्हणाले, तर हे म्हणतात, ‘मला तरी कुठे हव्यात?’ तारखांचा धसका त्यांनीही घेतला होता तर! डॉक्टरांना विचारून एक महिना सुट्टी घेतली. त्या महिन्याचं इथे लिहिणार नाही, बरा गेला.

४. पाळी नियमित करायला ज्या गर्भनिरोधक गोळ्या देतात, त्यांनी यकृतात एक प्रथिन वाढतं आणि ते रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन बांधून ठेवतं. केस आणि मुरमं कमी होतात. काही जणींची इच्छाही उतरते, काहींना कोरडेपणा येतो. सगळ्यांनाच नाही. म्हणून गोळी मनाने बंद करायची नाही, पर्याय असतात. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ तपासून घ्यावं. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिनही. कांदा लावणीला दिवसभर वाकून आलेल्या, अंगात रक्त कमी असलेल्या बाईला रात्री इच्छा कुठून येणार? तिथे पीसीओएसला धरणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

५. ‘आधी वजन कमी करा,’ असं सांगतात. ५ ते १० टक्के उतरलं तरी पाळीला फरक पडतो, हे खरं. पण हा आजार सडपातळ बायकांनाही होतो, त्यांना काय सांगणार?

६. डॉक्टर आपणहून विचारतील याची वाट बघत बसू नये. २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत पीसीओएस असलेल्या बाईच्या मनाचा आणि लैंगिक आयुष्याचाही विचार करा असं आहे. आमच्या फाइलवर मात्र वजन, बीपी आणि पाळीची तारीख. र. धों. कर्वे आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या असल्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे, तर १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला चालला, बाबासाहेब आंबेडकरांनी बाजू मांडूनही कर्वे हरले. आता खटला होत नाही, पण शेजारच्या खुर्चीत सासूबाई असतात. त्यांना औषधं आणायला मेडिकलमध्ये पाठवावं आणि तेवढ्यात बोलून घ्यावं. ‘गोळी सुरू झाल्यापासून संबंध नकोसे वाटतात’, एवढं एक वाक्य पुरतं. पाळीच्या गोळ्या चालू असताना मी हे म्हणाले तेव्हा डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ‘दुखतं, की मनच होत नाही?’ दुखण्याचा इलाज वेगळा असतो म्हणून. मग गोळी बदलून दिली आणि तीन महिन्यांनी यायला सांगितलं, या वेळी यांनाही घेऊन.