आधी घराचं घड्याळ बघ

सातारा, ४ जून

चि. मनू,


परवा फोनवर तू एका दमात घरी शिकवण्याच्या चार पद्धतींची नावं घेतलीस आणि विचारलंस, "आत्या, यातली आमच्यासाठी कोणती?" मी विषय बदलला, ते तुला लागलं असेल. पण फोनवर दोन वाक्यांत सांगावं असं ते नव्हतं, म्हणून आज निवांत लिहायला बसले.

तुझ्या लेकीला, चिमीला, तुम्ही शाळेतून काढलं हे ऐकून मला आधी वाईट वाटलं. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आहे मी. पण भरलेल्या वर्गात मान खाली घालून बसणारी, विचारलं तरी न बोलणारी मुलंही मी पाहिली आहेत. त्या सगळ्यांपर्यंत मी पोचले, असं मला म्हणता येत नाही. त्यामुळे तुमचा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही.

तू ज्यांना पद्धती म्हणतेस, त्या मुळात कुणाच्या तरी अडचणीची उत्तरं आहेत. रोमच्या गरीब वस्तीत आईबाप कामाला गेले की पोरं दिवसभर वाऱ्यावर असायची. त्यांच्यासाठी मॉन्टेसरीबाईंनी १९०७ मध्ये बालगृह सुरू केलं. हाताला काम आणि वस्तूंना ठरलेली जागा, ही त्या मुलांची गरज होती. आपल्या ताराबाई मोडक मॉन्टेसरीचंच तत्त्व घेऊन बोर्डी-कोसबाडला गेल्या. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जात, शाळेत कशी येणार? मग ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणावर नेली, कुरणशाळा काढली. तत्त्व तेच, पण रूप पार वेगळं झालं. जॉन होल्ट हा अमेरिकन शिक्षक. मुलं गणितापेक्षा शिक्षकाचा चेहरा वाचून उत्तर देतात, हे त्यानं स्वतःच्या वर्गात पाहिलं. त्यातून पुढे तो 'शिकवणंच थांबवा, मुलांना जगता जगता शिकू द्या' इथवर आला.

तेव्हा मला आधी हे सांग, की तुमची अडचण कोणती? चिमी शाळेला का कंटाळली? वेग झेपत नव्हता म्हणून, वेग फार कमी होता म्हणून, की गोंगाट सहन होत नव्हता म्हणून? ह्या तिन्हींना एकच औषध नाही. आणि हे कळेपर्यंत काही विकत घेऊ नकोस. तयार अभ्यासक्रमाच्या महागड्या संचाला तर हातही लावू नकोस. शाळा सोडल्यावर मुलाला काही आठवडे नुसतं लोळावंसं वाटतं. लोळू दे. तू एक साधी वही कर आणि कुणी न सांगता चिमीनं दिवसभरात काय काय केलं, तेवढं रोज रात्री लिही.

माझी एक चूक सांगते. माझा मुलगा तिसरीत असताना त्याचं गणित मी घरी घ्यायला लागले. माझ्याही नकळत माझा वर्गातला आवाज घरात आला. महिन्याभरात रोज संध्याकाळी सहा वाजले की त्याचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांना काही सापडेना. शेवटी ते माझ्या लक्षात आलं. त्याला शाळेतही बाई होत्या आणि घरीही बाईच, आई कुठेच उरली नव्हती. मी गणित सोडून दिलं, पोटदुखी थांबली. तुझा आवाज जरा जपून वापर.

आता तुमच्या घराचं घड्याळ. अकरापासून तुझ्या मीटिंगा चालू, जावईबापू रात्री आठला येणार, सासूबाई दिवसभर घरी. होल्टची मोकळी वाट मला मनापासून आवडते, पण मुलाच्या प्रश्नामागे धावायला मोठं माणूस सतत हाताशी हवं. तुझ्या दुपारी ते जमणार नाही. मग मोबाइल धावेल. मला तुमच्यासाठी इंग्रज शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसनबाईंची रीत जवळची वाटते. लहान मुलांचे धडे पंधरा-वीस मिनिटांचेच ठेवायचे, पुस्तकं चांगली निवडायची, आणि वाचलेलं मुलानं आपल्या शब्दांत सांगायचं. सकाळी आठ ते साडेदहा तू वाच, संध्याकाळी चिमी तीच गोष्ट आजीला सांगेल. सासूबाईंइतका मन लावून ऐकणारा श्रोता तुला पुण्यात शोधून सापडायचा नाही. पण वहीत काही वेगळंच दिसलं, तर माझं हे बोलणं बाजूला ठेव.

एक गोष्ट मात्र सोडू नकोस. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत मुलांना घरीच शिकवलं. जोहान्सबर्गला ऑफिसला जाता-येता एकूण सुमारे पाच मैल चालताना ते मुलांशी बोलत, तेच शिक्षण. पुढे आत्मकथेत त्यांनी मोकळेपणानं लिहिलं आहे, की रोज नेमानं एक तास अक्षरशिक्षणाला देता आला असता तर ते शिक्षण आदर्श झालं असतं. थोरल्या हरिलालच्या मनात तर शिक्षण न मिळाल्याचा सल कायम राहिला. चालताना मिळालेलं शिक्षण काही कमी नव्हतं, पण तो एक तास राहून गेला. तू तो राहून जाऊ देऊ नकोस, पाहुणे आले तरी.

परीक्षेची काळजी आत्ता नको, पण वाट माहीत असू दे. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. त्यात होमस्कूलिंगला स्पष्ट बंदी नाही आणि स्पष्ट मान्यताही नाही. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, चौदा पूर्ण झाल्यावर दहावी करता येते. पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा, आणि एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत थोडे थोडे विषय सोडवता येतात. भाषा म्हणून मराठी घेता येते, ती घ्या. शाळेचा दाखला, जन्मदाखला एका फाइलीत नीट ठेव. चिमीच पुढे म्हणाली, मला शाळेत जायचंय, तर दार उघडं हवं. ते तुझं अपयश मानू नकोस.

संध्याकाळी तिला खाली खेळायला सोडतेस ना? तिथे तिच्या वयाची पोरं नसतील तर आठवड्यातून दोनदा तरी मुलं असतील तिथे घेऊन जा. हे धड्यांपेक्षा आधी.

राखीपौर्णिमेला मी येणार आहे. तोवर वही भरत आली असेल. मला दाखव, पण आधी चिमीला विचार, आत्याआजीनं वाचलेलं चालेल का म्हणून.

सासूबाईंना नमस्कार. चिमीला गोड पापा.

तुझी,
आत्या