सामायिक घराचे भाडे आणि करसल्लागाराचे करिअर

कोकण-गोव्यात पर्यटकांना चार-दोन दिवसांसाठी दिली जाणारी घरे अनेकदा भावंडांच्या सामायिक मालकीची असतात. बुकिंगच्या संकेतस्थळावरची नोंदणी आणि बँक खाते मात्र एकाच्याच नावावर असते. अशा उत्पन्नाची बिनचूक मांडणी हे करसल्लागाराचे काम आहे.

पहिला प्रश्न असतो, उत्पन्न कोणाचे? सहमालकांचे हिस्से निश्चित असतील, तर घरभाड्यावर प्रत्येकाला आपल्या हिश्श्यापुरताच कर लागतो. समजा, मालवणच्या घराचे वर्षाचे ६ लाख रुपये भावाच्या खात्यात आले आणि बहिणीचा हिस्सा निम्मा आहे. दोघांनी प्रत्येकी ३ लाख दाखवायचे. संकेतस्थळाने भावाच्या पॅनवर ०.१ टक्का दराने ६०० रुपये टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला असेल, तर त्यातले ३०० रुपये बहिणीच्या नावे लागावेत म्हणून भावाने संकेतस्थळाला घोषणापत्र द्यावे लागते. नाहीतर विवरणपत्र आणि आयकर खात्याकडची नोंद जुळत नाही.

दुसरा प्रश्न उत्पन्नाच्या शीर्षाचा, म्हणजे ते घरभाड्याचे की व्यवसायाचे याचा. नुसते घर भाड्याने दिले असेल, तर भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. विजेचा खर्च किंवा संकेतस्थळाचे कमिशन वेगळे वजा होत नाही. निवासी घराचे भाडे मालकाला व्यवसायाचे उत्पन्न म्हणून दाखवता येणार नाही, असे २०२४ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. न्याहारी, रोजची साफसफाई अशा सेवांचा भाग मोठा असेल, तेव्हा मात्र व्यवसायाचा मुद्दा येतो. मग प्रत्यक्ष खर्च वजा होऊ शकतात, पण हिशेबवह्या आणि भावंडांमधील भागीदारी यांचे प्रश्न उभे राहतात.

असे प्रश्न सोडवणारा करसल्लागार होण्याचा मुख्य रस्ता सीएचा (चार्टर्ड अकाउंटंट). बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमिजिएट, दोन वर्षांची आर्टिकलशिप (प्रत्यक्ष कामाची उमेदवारी) आणि फायनल. परीक्षा कठीण असल्याने पालकांना वाटणारी धास्ती समजण्यासारखी आहे, पण सोबत बी.कॉम. पूर्ण केल्यास पर्याय हाताशी राहतो. वाणिज्य पदवीधराला आयकर खात्यापुढे करदात्याचे प्रतिनिधित्व करता येते, तसेच नोंदणी व परीक्षेनंतर जीएसटी प्रॅक्टिशनर होता येते. कर लेखापरीक्षणावर सही करण्याचा अधिकार मात्र सीएलाच असतो.

१९६१ च्या आयकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा घेतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात. त्यामुळे कलमे पाठ करण्यापेक्षा मालकी, शीर्ष आणि पुरावा या क्रमाने विचार करण्याची सवय विद्यार्थ्याला अधिक उपयोगी पडते.