बुरशीचा भुंगेरा कसा ओळखावा

पावसाळ्यांत कणगी उघडली म्हणजे दाण्यांवरून तांबूस रंगाचे बारीक किडे धांवतांना दिसतात, आणि घरांतील मंडळी "पोरकिडे झाले" असें म्हणून मोकळी होतात. परंतु या जमावांत कधीं कधीं एक निराळाच प्राणी असतो. शास्त्रज्ञ त्यास 'अहॅस्व्हेरस ॲडव्हेना' म्हणतात. यांतील दुसऱ्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'बाहेरून आलेला' असा आहे. तो सबंध दाणा पोखरीत नाहीं. दाण्यावर चढलेल्या बुरशीवरच मुख्यतः त्याचें पोषण होतें.

त्याची लांबी अवघी २ ते ३ मिलिमीटर, म्हणजे सुमारें तिळाएवढी. अंग चपटें, रंग तांबूस पिंगट, व शृंगिकांचीं टोकें गदेसारखीं जाड. खरी खूण मात्र डोक्यालगतच्या भागावर, म्हणजे वक्षावर, असते. या भागाच्या पुढील दोन्ही कोपऱ्यांस एकेक बोथट गांठ बाहेर आलेली असते. शेताच्या कोपऱ्यांस हद्दीचे दगड रोवावे तशा त्या दोन दिसतात. (आमचा जन्म महसुलाच्या दप्तरांत गेला, तेव्हां आम्हांस दुसरी उपमा सुचत नाहीं!) यासाठीं दहा पट मोठें दाखविणारें भिंग पाहिजे. करवती भुंगेऱ्याच्या वक्षास प्रत्येक कडेला सहा दांते असतात. पिठांतील तांबड्या भुंगेऱ्यास अशा गांठी मुळींच नसतात. सोंड्याची तर सोंडच साक्ष देते.

इतका खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. उपाय निराळा आहे म्हणून. सोंडे झाल्यास किडा मारावा लागतो. हा भुंगेरा पुष्कळ सांपडला तर धान्यास ओल लागली असें समजावें, कारण कोरड्या व स्वच्छ धान्यांत त्याची वीण वाढत नाहीं. नुसती विषारी धुरी दिली तर किडे मरतील, ओल तेथेंच राहील. गळती शोधावी, कुबट वासाचें व गोळे झालेलें धान्य निराळें काढावें, आणि बाकीचें उन्हांत पातळ पसरून खडखडीत वाळवावें.

काढलेलें धान्य गुरांपुढें टाकण्याची काटकसर मात्र कोणी करूं नये. १९७४ सालीं राजस्थानांतील बांसवाडा व गुजराथेंतील पंचमहाल या जिल्ह्यांत बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसें यकृताच्या विकारानें दगावलीं. त्या मक्यांत अफ्लाटॉक्सिन नांवाचें बुरशीचें विष होतें. तें नेहमींच्या शिजविण्यानें नाहींसें होत नाहीं, वाळवूनही होत नाहीं. असें धान्य खोल खड्ड्यांत पुरावें.