मासा तोंड वर काढतो तेव्हा

बाळा, टोमॅटोसाठी खोदलेल्या शेततळ्यात रोहू-कटला सोडलेस, चांगलं केलंस. आता एक खूणगाठ बांध. तळ्यात मासा मेला की लोक आधी दुकानात औषध विचारायला धावतात. पुष्कळदा रोग नसतोच, रात्रीतून पाण्यातला ऑक्सिजन संपलेला असतो. हे कसं ओळखायचं ते सांगतो.

पहिली खूण वेळेची. दिवसा उन्हात पाण्यातलं हिरवं शेवाळ ऑक्सिजन तयार करतं, रात्री मात्र तेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ मिळून तो खातात. म्हणून सगळ्यात कमी ऑक्सिजन सूर्य उगवायच्या आधी असतो. मासे पहाटे वर येऊन तोंडं उघडझाप करत असतील आणि ऊन चढल्यावर खाली जात असतील, तर दुसरं काही शोधत बसू नकोस. भर दुपारी तडफडत असतील तर मात्र शेजारच्या फवारणीचं पाणी वाहून आलं का, ते आधी बघ.

नुसते वर आले म्हणूनही घाबरायचं नाही. काठावर जोरात पाय आपट. धडधाकट मासा सळकन खाली जातो आणि खालीच राहतो. दम लागलेला मासा जरा दचकतो, हातभर बुडतो आणि लगेच पुन्हा वर येतो. फार झालं असेल तर जागचा हलतही नाही. मरळ यात धरू नकोस, ती हवेतूनही श्वास घेते, तिचं वर येणं रोजचंच.

मेलेला मासा फेकण्याआधी हातात घेऊन बघ. तोंड उघडं, कल्ले फाकलेले, आणि मेलेल्यांत मोठे जास्त, बारके अजून जिवंत, तर श्वास कोंडून मेलेत. लहानमोठे सगळे एकदम गेले तर विषाचा संशय घे. कल्ले लालऐवजी चॉकलेटी दिसले तर पाण्यात नायट्राइट वाढलंय. तेव्हा पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो, कारण रक्तच तो वाहून नेत नाही.

मग पाण्याचा रंग. कोपरापर्यंत हात बुडव. तळवा दिसेनासा झाला तर शेवाळ फार दाट झालंय. कालचं हिरवंगार पाणी आज करडं-तपकिरी दिसलं तर शेवाळ मेलंय आणि आता ते कुजताना ऑक्सिजन ओढणार. म्हणूनच हिरवं पाणी साफ करायला मोरचूद टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. एका दिवसात सगळं शेवाळ मारणं म्हणजे त्याच रात्री मासे मारणं.

एप्रिल-मे जपून काढायचे. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसात. आपला जुन्नर-आंबेगावचा मुलूख उंचावर, त्यामुळे त्याहूनही थोडा कमी. त्यात ठिबकला पाणी उपसून तळं अर्ध्यावर येतं आणि मासे तेवढेच राहतात. मग वळवाचा गार पाऊस पडतो, वरचं पाणी जड होऊन खाली बसतं आणि तळाचं कुजकं पाणी वर येतं. सडक्या अंड्यासारखा वास आला तर तेच झालंय. पावसाच्या दुसऱ्या दिवशी आणि ढगाळ दिवसांत खाद्य बंद. एरवीही ऊन चढल्यावरच टाक, संध्याकाळी नको.

मासे वर आले की पाणी हलव. मोटरचा फुटबॉल (फूट व्हॉल्व्ह) तळाला नको, वरच्या थरात धर आणि पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं पसरून पाड. बोअरचं पाणी सोडणार असशील तर तेही असंच पाड, कारण जमिनीतून आलेल्या पाण्यात ऑक्सिजन नसल्यात जमा असतो. थ्री फेज लाइट कोणत्या पाळीला आहे ते आठवड्याच्या सुरुवातीलाच बघून ठेव, आणि इंजिनात डिझेल असू दे.

आणि पहाटे एकट्याने जायचं नाही. आपल्याकडे उसात बिबट्या असतो. माणिकडोहचं बिबट्यांचं निवारा केंद्र काही उगाच उभं राहिलेलं नाही. बॅटरी घे, बोलत जा, काठावर खाली वाकून बसू नकोस. तळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला की पाय ठरत नाही आणि पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडल्याशिवाय काठावर पाऊल टाकू नकोस.

बाटलीत भरून तपासायला नेलेल्या पाण्यातला ऑक्सिजन वाटेतच बदलतो, तो तळ्यावरच मोजायचा. साधं तपासणी किट मिळतं. ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर निर्धास्त राहा, ३ च्या खाली गेला तर खाद्य थांबव आणि मोटर लाव. पहाटेचा आणि दुपारचा आकडा, पाण्याचा रंग, किती खाद्य टाकलं, ढग होते का, एवढं वहीत लिहीत जा. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारायला जाशील तेव्हा ती वही बरोबर ने.